चढणीचा मासा आणि धरणाची भिंत

मृगाचा पहिला दणका बसला की आमच्या भंडाऱ्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी सांडव्यावरून भाताच्या बांध्यांत उतरतं आणि त्या धारेला उलटे मासे चढू लागतात. परवा रात्री टॉर्चच्या उजेडात एक वागूर मासा पाहिला. वीतभर पाण्यात पोट घासत, मिशांनी चाचपत वर सरकत होता.

त्या मिशांवरून स्टर्जन आठवला. हा मासा आपल्या नद्यांत नाही. कॅस्पियन आणि काळा समुद्र, चीनची यांगत्से, उत्तर अमेरिका हा त्याचा मुलूख. तोंडापुढे चार मिशा, तळ चाचपायला. मोठ्या माशाला दात नसतात. नळीसारखं तोंड बाहेर काढून तो भक्ष्य ओढून घेतो. अंगावर हाडाच्या ढालींच्या पाच रांगा, आतला सांगाडा मात्र बहुतांशी कूर्चेचा. सिरोंचाजवळच्या कोट्याच्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे दगड होऊन पडलेत. स्टर्जनचं घराणंही साधारण तेवढंच जुनं, फक्त ते अजून पोहतंय.

घात केला तो त्याच्या सावकाशीनं. रोहू दोनेक वर्षांत अंड्यावर येतो. बेलुगा स्टर्जनच्या मादीला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि पुढेही ती दरवर्षी अंडी घालत नाही. गावातलं पोर बारावी होऊन पुण्याला कामाला लागतं, तोवर हिची पहिली वीण व्हायची असते! आणि माणसाला नेमकी तीच हवी. तिची अंडी म्हणजे कॅव्हियार, महागडं खाणं. ती काढायला पोट फाडायचं. 1998 पासून या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, चोरटी मासेमारी मात्र थांबलेली नाही.

त्यात भिंती. व्होल्गोग्राडच्या धरणानं व्होल्गेतल्या बेलुगाच्या वरच्या विणीच्या जागा तोडल्या. 1981 मध्ये गेझोउबा धरणानं यांगत्से अडवली. चिनी स्टर्जन समुद्रातून अडीच हजारांवर किलोमीटर चढून जिथे अंडी घालायचा, ती वाटच बंद. 2022 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं स्टर्जन आणि त्याचा भाऊबंद पॅडलफिश यांच्या उरलेल्या सगळ्या 26 जाती धोक्यात असल्याचं जाहीर केलं. चिनी पॅडलफिश नामशेष. हॅचरीतली पिल्लं नद्यांत सोडतात, पण मोठी होऊन ती चढणार कुठे?

हे सगळं मी बांधीतच ढिवर काकांना सांगत होतो. ते म्हणाले, "मंग माशाले चढाले पायऱ्या काऊन नाई बांधत?"

बांधतात. पण बहुतेक पायऱ्या उड्या मारणाऱ्या सामन माशाच्या मापाच्या. स्टर्जन तळ धरून चालतो, आणि मोठी बेलुगा म्हशीहून जड. त्या टप्प्यांत ती वळायचीसुद्धा नाही.

काका काही बोलले नाहीत. वागूर बांधीच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, अडला होता. त्यांनी कुदळीनं तिथली माती थोडी ओढली, धार रुंद केली आणि म्हणाले, "टार्च बंद कर."