शिक्षक संघटना आणि सामाजिक समता (मराठवाडा)

पगार, बदल्या आणि सेवाशर्तींच्या पलीकडे जाऊन जात व धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध मराठवाड्यातील शिक्षक संघटनांनी घेतलेल्या भूमिका आणि केलेले काम. याला सलग चळवळ म्हणणे धाडसाचे ठरेल. संघटनेने ठराव करायचा आणि गावात निभवायचे एकट्या गुरुजींनी, असाच बहुतेकदा प्रकार.

गावच्या प्रश्नात मास्तरने बोलावे, ही अपेक्षा इथे निजामी काळापासूनची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतले शिक्षक. पुढे 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. तिथून शिकलेली दलित मुले शिक्षक होऊन गावोगावी गेली आणि शिक्षकखोलीचा चेहरा पालटू लागला.

खरी कसोटी लागली नामांतराच्या वेळी. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. मुक्तिसंग्रामातून आलेले काही ज्येष्ठ नेतेच विरोधात होते, शिक्षकवर्गही दुभंगला. 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या नावात आंबेडकरांचे नाव जोडले जाईपर्यंत, ही फूट शाळा-महाविद्यालयांतून जाणवत राहिली.

रोजच्या व्यवहारात समतेचा प्रश्न येतो तो बिंदुनामावलीच्या, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे ठरवणाऱ्या यादीच्या, रूपाने. खासगी शाळांतील नोकऱ्यांना 1977 च्या सेवाशर्ती अधिनियमाने संरक्षण मिळाले. पण राखीव जागा भरायच्या म्हटले की संस्थाचालक हात आखडता घेतात. न भरलेल्या राखीव जागांची, म्हणजे अनुशेषाची, ही बाजू प्रामुख्याने मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी लढवली. सर्वसाधारण संघटनांना अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळांत सामावून घेण्याची (समायोजनाची) चिंता अधिक.

धर्माच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा इथे बऱ्याच आहेत आणि उर्दू शिक्षकांच्या संघटनाही स्वतंत्र आहेत. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा मराठी-उर्दू सगळे एका मागणीखाली आले. पेन्शन एकत्र आणते; दंगलीनंतरच्या शांतता समितीत मात्र संघटना म्हणून कोणी फारसे बसत नाही, शिक्षक बसतात ते व्यक्ती म्हणून. सरकारी निधीवर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे कलम 28 सांगते. पण गावाने शाळेत एखादा धार्मिक कार्यक्रम ठरवला की ते कलम मुख्याध्यापकाच्या तोंडून निघणे अवघड असते.

समतेचा सर्वांत जवळून संबंध येतो तो जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी. पहिलीच्या प्रवेशाला पोराची जात शिक्षकच लिहितो. पुढचा दाखला, शिष्यवृत्ती, जात पडताळणी, सारे त्या नोंदीवर उभे. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला (कुणबी ओबीसींत मोडतात), तेव्हा शाळांमधली जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली. आरक्षणावरून मराठा आणि ओबीसी समाजांत ताण वाढत असताना ही पाने उलटणारे शिक्षक दोन्हीकडचे होते. एकोप्याची आवाहने त्या काळात झाली. शिक्षक पतसंस्थांच्या निवडणुकीत पॅनेल जुळवताना मात्र जातीचे गणित तेव्हाही मांडले गेले, आजही मांडले जाते.