पार्श्वभूमी : सार्वकालिक सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू ठरवायचा कुणी?

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अर्जेंटिनाने विश्वचषक उंचावला आणि मेस्सीच सार्वकालिक सर्वश्रेष्ठ, असा निवाडा अनेकांनी त्याच रात्री देऊन टाकला. अकराच दिवसांनी पेलेचे निधन झाले आणि श्रद्धांजलीच्या लेखांतून तोच किताब पुन्हा त्याच्या नावावर चढला. चाहत्यांची भावनिक ओढ हे या वादाचे एक कारण आहेच. पण मत कुणी द्यायचे आणि कोणत्या खेळाडूंमधून निवडायचे याचे नियम वारंवार बदलत आले, हे त्याहून मोठे कारण आहे. नियम बदलले तसे निकालही बदलले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे खेळाडू या चर्चेत तोंडी लावण्यापुरतेच येतात. उरुग्वेच्या होझे लेआंद्रो आंद्रादेने १९२४ आणि १९२८ चे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले, १९३० चा पहिला विश्वचषकही जिंकला. डिक्सी डीनने १९२७-२८ च्या मोसमात इंग्लिश लीगमध्ये ६० गोल केले, तो विक्रम आजही अबाधित आहे. मात्र १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आक्रमकाने प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ कुठवर पुढे उभे राहायचे याचा, नियम सैल झाल्यावर गोलांचा पाऊसच सुरू झाला होता. त्यामुळे त्या काळातले आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडणे अवघड जाते.

रीतसर मतदान सुरू झाले ते १९५६ मध्ये. एका फ्रेंच नियतकालिकाने पत्रकारांची मते मागवून 'बॅलन डी'ओर' हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि पहिला मान ४१ वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. अट एकच होती, खेळाडू युरोपीय देशाचा नागरिक हवा. या एका अटीने पुढची जवळजवळ ४० वर्षे झाकोळून टाकली. ब्वेनोस आयरेसमध्ये जन्मलेल्या डी स्टेफानोने स्पॅनिश नागरिकत्व घेतले, म्हणून १९५७ आणि १९५९ चा पुरस्कार त्याला मिळू शकला. मूळच्या अर्जेंटिनाच्याच सिव्होरीला १९६१ मध्ये इटलीच्या पासपोर्टवर तो मिळाला. पेलेला मात्र दारच बंद होते. मॅराडोना तर १९८४ पासून नापोलीकडून दर आठवड्याला इटलीच्या मैदानांवर उतरत होता. १९८६ चा विश्वचषक त्याने जवळपास एकहाती जिंकून दिला आणि त्या वर्षीचा पुरस्कार गेला सोव्हिएत संघाच्या इगोर बेलानोवकडे. बेलानोव उत्तम आघाडीपटू होता, पण त्या वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते.

१९९५ मध्ये अट शिथिल झाली, युरोपातल्या क्लबांकडून खेळणारा कोणीही पात्र ठरला आणि लायबेरियाचा जॉर्ज वेआ पहिला आफ्रिकी विजेता झाला. २००७ पासून पुरस्कार जगभरातल्या खेळाडूंना खुला झाला. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकाने जुन्या वर्षांचा फेरविचार केला, तेव्हा ३९ पैकी १२ पुरस्कार दक्षिण अमेरिकी खेळाडूंना मिळायला हवे होते असे निघाले. त्यातले ७ एकट्या पेलेचे. मात्र हा हिशेब कागदावरच राहिला. अधिकृत यादीत पेलेच्या नावापुढे आजही शून्य आहे आणि 'मेस्सी ८, रोनाल्डो ५' ही तुलना करताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

सगळ्यात गाजलेला घोळ झाला २००० साली. जागतिक फुटबॉलच्या नियामक संस्थेने 'शतकातील सर्वोत्तम खेळाडू' निवडायचे ठरवले आणि त्यासाठी इंटरनेटवर मतदान घेतले. निकाल अगदीच एकतर्फी लागला : मॅराडोना ५३.६ टक्के, पेले १८.५३ टक्के. तिसरा युसेबियो आणि चौथा रॉबर्टो बॅजियो. आयोजकांची पंचाईत झाली. इंटरनेटवर तेव्हा तरुण मंडळीच जास्त होती, त्यांनी पेलेला खेळताना पाहिलेले नाही, असा आक्षेप पुढे आला. मॅराडोनाचा १९९१ चा कोकेनचा प्रसंग, १९९४ च्या विश्वचषकातून झालेली हकालपट्टी आणि फुटबॉलच्या सत्ताधाऱ्यांवरची त्याची जाहीर टीका हेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. मग 'फुटबॉल परिवार' या नावाने जाणकारांची एक समिती आणि संस्थेच्या मासिकाचे वाचक यांचा वेगळा कौल घेण्यात आला. त्यात पेलेला ७२.७५ टक्के, डी स्टेफानोला ९.७५ टक्के आणि मॅराडोनाला अवघी ६ टक्के मते पडली.

शेवटी दोघांनाही पुरस्कार द्यायचा तोडगा निघाला. ११ डिसेंबर २००० रोजी रोममध्ये समारंभ झाला. मॅराडोना आला, इंटरनेटवरच्या मतदानाचा आपला पुरस्कार घेतला आणि पेलेला व्यासपीठावर बोलावण्याआधीच सभागृहातून निघून गेला. महिलांच्या गटातही असाच पेच पडला आणि चीनची सुन वेन व अमेरिकेची मिशेल एकर्स यांना सन्मान विभागून दिला गेला.

इंटरनेटवरच्या मतदारांबद्दलचा आक्षेप चुकीचा नव्हता. पण मतदारवर्ग कसा आहे हे मते मागवण्यापूर्वीही ठाऊक होते. कौल हाती आल्यावर दुसरी मतपेटी मांडणे हा मतदारांवर अन्याय होता, आणि पेलेवरही. कारण त्या दिवसापासून त्याचा शतकाचा किताब 'समितीने दिलेला' म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

त्या मतदानात चित्रफितींचा वाटाही मोठा होता. २२ जून १९८६ ला अझ्टेका स्टेडियमवर मॅराडोनाने आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडू घेतला, तिथेच गिरकी घेऊन दोघांना चकवले, उजव्या बगलेने धावत सुटला, गोलरक्षकालाही हुलकावणी दिली आणि चेंडू जाळ्यात ढकलला. चेंडूला प्रत्येक स्पर्श डाव्या पायाचा. हा गोल प्रत्येकाने दहा वेळा पाहिलेला असतो. पेले स्वतःचा सर्वांत देखणा गोल म्हणून ज्याचा उल्लेख करायचा तो २ ऑगस्ट १९५९ चा, साओ पाउलोतल्या रुआ जावारी मैदानावरचा. बचावपटूंच्या डोक्यावरून एकामागून एक चेंडू उचलत नेऊन, शेवटी गोलरक्षकाच्याही डोक्यावरून काढून हेडरने मारलेला. त्याचे चित्रीकरणच नाही. पुढे आठवणींच्या आधारे तो संगणकावर उभा करावा लागला. न पाहिलेल्या गोलाला मत कोण देणार?

गोल मोजण्यातही एकवाक्यता नाही. पेलेच्या नावावर हजाराहून अधिक गोल सांगितले जातात आणि त्यातले शेकडो मैत्रीपूर्ण सामन्यांतले आहेत. आजच्या फूटपट्टीने ते वगळले जातात. पण पेलेचा क्लब सांतोस त्या काळी युरोपभर दौरे करून तिथल्या बलाढ्य क्लबांशी भिडत होता, त्या लढतींना सराव सामने म्हणणे बरोबर नाही. ब्राझीलसाठी त्याचे गोल ७७ की ९५, हाही वाद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलिव्हियाविरुद्ध नेमारने ७७ चा आकडा ओलांडला, तेव्हा जगभर नव्या विक्रमाच्या बातम्या झळकल्या. ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेच्या हिशेबात मात्र पेलेचे ९५ कायमच आहेत.

मेस्सी-रोनाल्डोच्या काळातही 'बॅलन डी'ओर'चे मतदार बदलत राहिले. २०१० ते २०१५ या काळात पत्रकारांबरोबर राष्ट्रीय संघांचे कर्णधार आणि प्रशिक्षकही मत देत होते. त्यातल्या पहिल्याच वर्षी मेस्सी जिंकला. केवळ पत्रकारांच्या मतांत नेदरलँड्सचा वेस्ली स्नायडर पहिला होता, प्रत्यक्षात तो पहिल्या तिघांतही आला नाही. कर्णधार-प्रशिक्षकांची मते ओळखीच्या, मोठ्या नावांकडे झुकतात, हे त्या सहा वर्षांत पुरेसे दिसले. २०१६ मध्ये मत पुन्हा पत्रकारांकडे आले. २०२० चा पुरस्कार महासाथीमुळे झालाच नाही आणि २०२२ पासून कॅलेंडर वर्षाऐवजी मोसमाचा विचार होऊ लागला. खेळाडूची आजवरची कारकीर्दही निकषांतून वगळण्यात आली. हा बदल आधी झाला असता तर काही वर्षांचे विजेते वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

एक त्रुटी मात्र कोणत्याच नियमाने भरून निघालेली नाही. या पुरस्काराच्या संपूर्ण इतिहासात गोलरक्षक एकच, १९६३ चा लेव यशिन. बचावपटूंपैकी बेकेनबाउर, झामर आणि २००६ चा कानावारो असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. सार्वकालिक यादीतल्या पहिल्या पाचांत म्हणूनच सहसा गोल करणारेच दिसतात.

महिलांसाठी हा पुरस्कार सुरू झाला २०१८ मध्ये, पुरुषांच्या ६२ वर्षांनंतर. इंग्लंडमध्ये तर १९२१ पासून सुमारे अर्धशतक महिलांना संघटनेच्या मैदानांवर खेळायलाच बंदी होती. ब्राझीलच्या मार्ताचे विश्वचषकात १७ गोल आहेत. २०२२ पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेतला विक्रम क्लोसाच्या १६ गोलांचा होता. तरीही 'सार्वकालिक सर्वश्रेष्ठ' अशा मथळ्याच्या बहुतेक याद्यांत मार्ताचे नाव सापडत नाही.