संवाद-साहाय्यकाकडून तक्ते व आलेख

विक्री, साठा, येणे-देणे अशा व्यावसायिक नोंदींची फाइल चॅटजीपीटी किंवा क्लॉडसारख्या संवाद-साहाय्यकाला देऊन, साध्या वाक्यांत सूचना करून तक्ते व आलेख काढून घेण्याची पद्धत. आकडे चित्रात मांडण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये स्तंभालेख आणि १८०१ मध्ये वर्तुळालेख छापला. १९७९ च्या व्हिजिकॅल्क या संगणक-प्रोग्रॅमने तक्ता घरगुती संगणकावर आणला, पण सूत्रे माणसालाच लिहावी लागत. जुलै २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ‘कोड इंटरप्रिटर’, म्हणजे साहाय्यकाने स्वतः प्रोग्रॅम लिहून चालवण्याची सोय, खुला केला आणि हे कामही बोलून करून घेता येऊ लागले.

इथे एक भेद महत्त्वाचा. साहाय्यक दोन प्रकारे उत्तर देतो. एकात तो बेरजेचा आकडा वाक्यासारखाच शब्दामागून शब्द जुळवत लिहितो. तो चुकला तरी तितक्याच ठामपणे लिहिलेला असतो. दुसऱ्यात तो आधी पायथॉनसारख्या संगणकी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहितो, फाइलवर चालवतो आणि त्यातून आलेला आकडा सांगतो. हिशेबासाठी दुसराच प्रकार कामाचा. प्रोग्रॅम खरोखर चालला का, हे बहुधा उत्तरासोबतचा कोड उघडून पाहता येते.

प्रोग्रॅमची बेरीज सहसा चुकत नाही. चुकते ते फाइलचे वाचन. पायथॉनमधील ‘पांडाज’ हे साधन काही सांगितले नाही तर ०५/०४/२०२५ ही तारीख ४ मे अशी वाचते, कारण ते अमेरिकी रीतीने महिना आधी धरते. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातली विक्री भलत्या महिन्यांत विखुरते आणि आलेख मात्र सुबक दिसतो. ‘१,२५,०००’ ही रक्कम स्वल्पविरामांमुळे मजकूर म्हणून वाचली जाऊ शकते. फाइलच्या तळाशी ‘एकूण’ची ओळ राहिली, तर बेरीज थेट दुप्पट होते. म्हणून आलेख मागण्याआधी ‘किती ओळी वाचल्या, पहिली व शेवटची तारीख कोणती, एकूण रक्कम किती’ हे विचारून खतावणीशी ताडून पाहावे. कीर्द लिहिणारे जुने मुनीम याला मेळ घालणे म्हणत. शब्द आजही चपखल आहे.

मराठी नावांचा त्रास वेगळाच. पायथॉनमध्ये आलेख काढणाऱ्या ‘मॅटप्लॉटलिब’च्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून गावांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. देवनागरी फाँट दिला तरी अनेक आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटतात: ‘कोल्हापूर’चा ल पाय मोडून एकटा उभा राहतो, तर ‘नाशिक’ची ऱ्हस्व वेलांटी श च्या मागे न राहता पुढे जाते. ब्राउझरमध्ये उघडणारा आलेख किंवा एक्सेलमधलाच चार्ट मागितला की अक्षरे सहसा नीट येतात.

आलेखाचा प्रकार साहाय्यकावर सोडू नये. पंधरा मालांचा वर्तुळालेख मागितला तर तो निमूटपणे काढून देतो. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. तिथे उतरत्या क्रमाचे आडवे स्तंभ बरे. रकमा ‘लाखांत’ हव्यात असे स्पष्ट सांगावे, नाहीतर अक्षावर मिलियन उमटण्याची शक्यता असते.

फाइल बाहेरच्या सर्व्हरवर जाते, म्हणून ग्राहकांची नावे, मोबाइल व पॅन क्रमांकांचे रकाने आधीच काढून टाकावेत. तालुकावार विक्रीच्या आलेखाला त्यांची गरजही नसते.