मधुमेहाची औषधे आणि हार्ट फेल्युअर

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमेनासे होते, किंवा ते जमवताना आतला दाब वाढतो. मग दम लागतो, पायांवर सूज येते. डाव्या खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडते, हे टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसते. या इजेक्शन फ्रॅक्शनलाच रुग्ण ‘पंपिंग’ म्हणतात. ते 40 टक्के किंवा त्याहून कमी असले तर स्नायू दुबळा झालेला असतो. 50 किंवा अधिक असूनही त्रास होत असेल, तर बहुधा स्नायू ताठर झालेला असतो आणि हृदय नीट भरत नाही. मधुमेह, स्थूलता आणि उच्च रक्तदाब असलेल्या वयस्कर लोकांत हा दुसरा प्रकार बराच आढळतो.

साखर उतरली की हृदयाचेही भले होणार, ही समजूत टिकली नाही. पायोग्लिटाझोनसारख्या ग्लिटाझोन गटातल्या गोळ्या साखर उतरवतात, पण शरीरात मीठ-पाणी साठवतात. म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्यांना, पंपिंग कितीही असो, त्या टाळतात. सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गटातल्या गोळीच्या 2013 च्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 27 टक्क्यांनी वाढलेले दिसले; त्याच गटातल्या सिटाग्लिप्टिनबाबत 2015 मध्ये तसे आढळले नाही. मेटफॉर्मिनची गोष्ट उलटी. हार्ट फेल्युअरमध्ये ते वर्ज्य मानले जाई, पण मूत्रपिंडे ठीक असतील तर स्थिर रुग्णाला आता ते देतात.

चित्र खरे पालटले ते लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-2 रोधकांनी. एम्पाग्लिफ्लोझिनच्या 2015 च्या चाचणीत मधुमेही रुग्णांमध्ये हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे 35 टक्क्यांनी घटले. पुढे 2019 मध्ये, पंपिंग 40 किंवा त्याखाली असलेल्या 4,744 रुग्णांवर डापाग्लिफ्लोझिन तपासले गेले. हार्ट फेल्युअर बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका 26 टक्क्यांनी कमी झाला. यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता, तरी त्यांना तेवढाच फायदा झाला. साखरेच्या गोळीला हृदयाची गोळी म्हणायला एवढा पुरावा पुरेसा होता.

ताठर हृदयाच्या प्रकारात आधीची बरीच औषधे निष्प्रभ ठरली होती. तिथेही 40 च्या वर पंपिंग असलेल्यांत एम्पाग्लिफ्लोझिनने 2021 मध्ये हाच एकत्रित धोका 21 टक्क्यांनी उतरवला. मात्र ही घट मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यातली होती, मृत्यूंतली नव्हे. हा परिणाम कसा होतो, यावर अजून एकमत नाही. लघवी वाढण्याने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही.

साखर आणि वजन उतरवणाऱ्या जीएलपी-1 गटातल्या इंजेक्शनांत मात्र हार्ट फेल्युअरच्या प्रकाराने फरक पडतो. सेमाग्लुटाइडने 2023 मध्ये, मधुमेह नसलेल्या पण स्थूल आणि ताठर हृदयाच्या 529 रुग्णांचे वजन घटवले, दम आणि थकवाही कमी केला. दुबळ्या हृदयात लिराग्लुटाइडने असा फायदा दाखवला नाही. एका चाचणीत नाडीचा वेग आणि हृदयाचे गंभीर त्रास वाढलेले दिसले. म्हणून पंपिंग फार कमी असलेल्यांना ही इंजेक्शने जपून देतात.

एसजीएलटी-2 रोधकांमुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. क्वचित, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढते. उलट्या-जुलाब, लांबलेला उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा डॉक्टर ही गोळी काही दिवस थांबवतात.