टाके पडले, टाके दिसले

भाचीची मुलगी इरा तिसरीत होती तेव्हाची गोष्ट, मार्चमधली. तिने सराववही माझ्यापुढे आदळली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पानावर लिहिलं होतं, 'चित्रे योग्य क्रमाने लावा'. दात घासणारा मुलगा, आंघोळ करणारा मुलगा, नाश्ता करणारा मुलगा आणि दप्तर घेऊन निघालेला मुलगा. इराने नाश्त्याला दुसरा नंबर दिला होता, आंघोळीला तिसरा. दोन्हींवर लाल फुल्या. "मावशीआजी, बाबांची आंघोळ होईपर्यंत गीझर मोकळाच नसतो. मग मी पोहे आधीच खाते ना? यात चुकलं काय?"

काही चुकलं नव्हतं. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, असले प्रश्न मीही काढले असतील. पण आंघोळीचं आणि पोह्यांचं एकमेकांवाचून काही अडत नाही. मुलांना घटनांचा क्रम शिकवायचा असेल, तर उलटा लावला की गोष्टच अडून बसेल असा क्रम हवा. आधी भांड्यात पाणी, मग भांडं चुलीवर, मग उकळी. यातलं एक पुढेमागे करून बघा.

हा फरक अगदी तान्ह्या वयात जाणवतो, हे पॅट्रिशिया बाउअर आणि जीन मँडलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली दाखवलं. सोळा आणि वीस महिन्यांच्या बाळांसमोर त्या खेळण्यांनी छोट्या छोट्या कृती करून दाखवत आणि मग खेळणी बाळांच्या हातात देत. जिथे एक पायरी झाल्याशिवाय दुसरी होऊच शकत नाही (वाटीत चेंडू टाका, वर दुसरी वाटी उपडी घाला, हलवा, झाला खुळखुळा), ती मालिका नवी असली तरी बाळं बरोबर क्रमाने करत. ज्या मालिकेत पायऱ्या नुसत्या एकापुढे एक ठेवलेल्या, तिथे क्रम ढासळे. धड बोलता न येणारी बाळं ही! आणि आपण तिसरीतल्या पोरीला आंघोळ-पोह्यांवर नापास करतो.

मे महिन्याच्या सुट्टीत इरा आणि तिच्या बिल्डिंगमधली पाच पोरं रोज संध्याकाळी कोथरूडच्या त्यांच्या गच्चीवर माझ्या ताब्यात होती. मी त्यांना एक गोष्ट रचून सांगायला घेतली. राघू आणि त्याची ताई गडावरून उतरताना धुक्यात वाट चुकतात. जवळ एक स्टीलचा डबा, आजोबांची चकमक आणि अर्धी भाकरी. रात्र काढायची आहे. त्यात मी मुद्दाम काही शब्द पेरले होते: कपार, घळ, सरपण, गारगोटी, निवारा, कारवी, टाके. गॅस आणि नळ असलेल्या घरांतून हे शब्द हद्दपार झाले आहेत. पोरांचा काय दोष?

गोष्ट सांगताना माझी भाषा जरा पुस्तकी होते. "आणि कातळात कोरलेले टाके दिसले," असं मी म्हटलं, तशी अथर्वने हनुवटी वर करून दाखवली. "मला तीन पडलेत." खरंच होते, सायकलवरून पडल्याचे. मी गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे बोट केलं आणि म्हटलं, हिचाच दगडातला भाऊ, गडावर पावसाचं पाणी साठवायला खोदलेला. कारवी म्हटल्यावर एकाने विचारलं, "कर्वे रोडवाले?" मग कारवीच्या काठ्या, त्यांच्या कुडाच्या भिंती, सात-आठ वर्षांतून एकदा येणारा तिचा बहर, असं सगळं सांगावं लागलं आणि राघू बिचारा दहा मिनिटं धुक्यात उभा राहिला.

'संदर्भावरून अर्थ आपोआप कळतो' असं आपण फार सहज म्हणतो. कळतो, पण किती? १९९९ साली स्वान्बोर्न आणि द ग्लॉपर या डच संशोधकांनी वीस प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. विद्यार्थी स्वतः वाचत असताना समोर आलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सरासरी पंधरा त्यांच्या पदरात पडतात, असं त्यातून निघालं. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्यावर मुलं किती शब्द शिकतात हे तपासलं होतं, १९८९ साली. शिक्षकाने वाचता वाचता शब्दाचा अर्थ चटकन सांगितला, तर ती कमाई दुपटीहून जास्त होत होती. तेव्हा गोष्ट थोडी थांबवावी. रसभंग होतो, पण दोन वाक्यांत उरकलं तर पोरं माफ करतात. माझ्यासारखी दहा मिनिटं घेऊ नयेत.

आता माझ्या आवडीचा भाग. गोष्ट जीव वाचवण्याचीच का? परीची का नाही?

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेम्स नेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, कल्पना करा, तुम्ही परक्या देशातल्या गवताळ माळरानावर अडकला आहात. जवळ काही नाही. पुढचे काही महिने अन्नपाणी मिळवायचं आहे आणि हिंस्र प्राण्यांपासून वाचायचं आहे. आता एकेक शब्द दाखवतो, ती वस्तू या परिस्थितीत किती उपयोगी पडेल त्याला एक ते पाच गुण द्या. दुसऱ्या गटाला सांगितलं, परदेशात घर हलवताय, तिथे ही वस्तू किती उपयोगी? तिसऱ्याला नुसतं विचारलं, हा शब्द किती सुखद वाटतो? पाठ करा असं कुणालाच सांगितलं नव्हतं. मग थोडा वेळ दुसऱ्याच कामात गुंतवून अचानक विचारलं, कोणते शब्द आठवतात? माळरानवाल्यांना सर्वांत जास्त आठवले. हा परिणाम पुढे बऱ्याच प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसला.

नेर्न यांचं म्हणणं असं, की स्मरणशक्ती उत्क्रांतीत घडली ती जगण्यासाठी. पाणी कुठे होतं, वाघ कुठे दिसला, हे लक्षात ठेवणारे टिकले. म्हणून जिवाशी निगडित माहितीवर मेंदू जास्त मेहनत घेतो. ऐकायला झकास. पण अश्मयुगातल्या पूर्वजांच्या नावावर काहीही खपवता येतं, त्यामुळे असलं काही ऐकलं की मी पाकीट सांभाळते. सोडरस्ट्रॉम आणि मकेब या दोघांनी २०११ साली खट्याळपणा केला. माळरानातल्या श्वापदांच्या जागी त्यांनी झोंबी आणले, माळरानाच्या जागी शहरही घालून पाहिलं. पूर्वजांच्या माळरानावर झोंबी काही नव्हते. तरी झोंबीवाल्या प्रसंगात शब्द आणखी चांगले लक्षात राहिले, आणि शहर की माळरान याने फरक पडला नाही.

मग काम करतं कोण? मला पटलेलं उत्तर क्रोनआयझेन आणि एर्डफेल्डर यांच्या प्रयोगांतून मिळतं, तेही २०११चे. त्यांनी माळरानावरच्या सगळ्या संकटांपैकी एकच ठेवलं, पिण्याच्या पाण्याचं. बाकी सगळं काढून टाकलं. स्मरणाचा तो खास फायदा ओसरला. म्हणजे नुसती जिवाची भीती पुरत नाही. अनेक संकटं समोर असली की एका वस्तूचे अनेक उपयोग मनात येतात. 'दोर' हा शब्द घ्या. कड्यावरून उतरायला, निवारा बांधायला, टाक्यात डबा सोडायला, सरपणाची मोळी आवळायला. एका शब्दाला चार खुंट्या. पुढे आठवायची वेळ येते तेव्हा चारांपैकी कुठल्याही खुंटीवर हात पडला तरी शब्द सापडतो. 'दोर सुखद वाटतो का?' या प्रश्नाने एकच खुंटी ठोकली जाते, तीही ढिली. मानसशास्त्रात याला सविस्तर सांकेतन म्हणतात. त्यातही एकेका शब्दाचं वेगळेपण पक्कं होणं आणि शब्दाशब्दांतला संबंध जुळणं या दोन वेगळ्या प्रक्रिया मानतात, आणि माळरानाचा प्रश्न बहुधा दोन्ही एकदम करवून घेतो, असं एक मत आहे. यापुढची चर्चा फार किचकट आहे. माझंही डोकं तिथे एकदोनदा फिरलंय.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. या प्रयोगांतले शब्द लोकांना आधीच येत होते. तपासलं ते स्मरण, नव्या शब्दाचं शिक्षण नव्हे. दुसरी जास्त मजेची. सीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हीच युक्ती गोष्टीवर लावून पाहिली. गोष्टीत आलेले सुटे शब्द 'हे जगायला उपयोगी पडेल का?' असं विचारल्यावर जास्त आठवले. पण गोष्टीत काय काय घडलं, हे आठवायला त्या प्रश्नाचा काही फायदा झाला नाही. समजून घेण्यासाठी नुसती ऐकली तरी गोष्ट तेवढीच लक्षात राहत होती.

म्हणून मी गच्चीवर कामाची वाटणी केली. गोष्ट सरळ सांगायची आणि ती झाल्यावर शब्दांचा बाजार मांडायचा: तुम्ही राघूच्या जागी असता तर कपारीचं काय केलं असतंत? गारगोटीचे तीन उपयोग सांगा. (चकमकीत ठिणगी पोलादाची उडते, गारगोटीची नव्हे, दगड फक्त पोलादाचा बारीक कीस काढतो आणि तो घर्षणाने तापून पेटतो. हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.) "सरपण ओलं निघालं तर?" असं विचारलं, तेव्हा इरा म्हणाली, "वहीची पानं जाळू. योग्य क्रमाने लावावालं पहिलं."

याच दिवसांत पेपरातून एक पत्रक घरात पडलं. मध्यमेंदू 'जागृत' करून देणार, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार, स्मरणशक्ती कित्येक पट वाढणार. फी वाचून माझे डोळे पट्टीशिवाय मिटले. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिथून खाली धरलेलं पुस्तक छान दिसतं. घरी करून बघा. आणि मध्यमेंदू प्रत्येकाचा जन्मापासून जागाच असतो. उजेड पडल्यावर डोळ्याची बाहुली आकसते, ती त्याच्याच कारभारात. बदाम मात्र खावेत, चवीला चांगले असतात.

राहिला क्रम. गॉर्डन बाउअर आणि मायकल क्लार्क यांनी १९६९ साली विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा नामांच्या बारा याद्या क्रमाने पाठ करायला दिल्या. एका गटाने प्रत्येक यादीची स्वतः गोष्ट रचली. शेवटी सगळ्या याद्या विचारल्या तेव्हा गोष्टवाल्यांना ९३ टक्के शब्द आठवले, नुसतं घोकणाऱ्यांना १३ टक्के. गोष्टीत एक घटना दुसरीला ओढून आणते, त्यामुळे क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

पण क्रम बोलून दाखवणं हे आणखी वेगळं कसब आहे, आणि इथे मराठीने मला चकित केलं. इव्ह क्लार्क यांनी १९७१ साली तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. लहान मुलं 'आधी' आणि 'नंतर' या शब्दांकडे दुर्लक्ष करून जे आधी ऐकलं तेच आधी घडलं असं धरतात, असं त्यात दिसलं. गच्चीवरची सगळ्यात धाकटी, पाच वर्षांची मनवा, नेमकं हेच करत होती. "शेकोटी पेटवण्याआधी त्यांनी सरपण वाळवलं" असं सांगितलं, की ती आधी शेकोटी पेटवायची. पण तेच "सरपण वाळवून, रचून, ठिणगी पाडून त्यांनी शेकोटी पेटवली" असं म्हटलं की एकदाही चुकली नाही. आपला 'ऊन' प्रत्यय घटनांना घडल्या क्रमानेच माळेत ओवतो. ऐकलेला क्रम आणि घडलेला क्रम एकच. म्हणून मी आधी आठवडाभर नुसत्या 'ऊन'वर गोष्ट चालवली, आणि मग हळूच 'ण्याआधी' घुसवायला लागले. एकेक दिवस एकच, तेही ज्या घटनांचा क्रम उलटा होऊच शकत नाही तिथे. मनवाला अडखळायला झालं की ती स्वतःच पुटपुटायची, "ओलं कसं पेटेल?" आणि वाक्य सुलट करून घ्यायची.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर सगळ्यांना घेऊन सिंहगडावर गेलो. देवटाक्यापाशी अथर्वने हनुवटीला हात लावला आणि हसला. इरा काठाशी उकिडवी बसून पाण्यात बघत होती. मी म्हटलं, चल, पिठलं-भाकरी थंड होईल. ती जागची हलली नाही.

"मावशीआजी, हे उकळायचं म्हटलं तर सरपण सगळं ओलं आहे गं."