न्यूट्रॉन स्कॅटरिंग आणि संगणकवेळ: नागपुरातून अर्ज कोणी करायचा, कसा करायचा, काय जोडायचं

प्रोजेक्टचे दिवस आले की विभागात एक तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, परमवर अकाउंट कसं मिळतं?" परम म्हणजे सी-डॅकचे महासंगणक. ते कशाला पाहिजे, तर न्यूट्रॉन स्कॅटरिंगचा, म्हणजे नमुन्यावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात ते मोजलेला, डेटा फिट करायचा आहे. दहापैकी आठ जणांना परमची गरज नसते. तेव्हा फॉर्म उघडण्याआधी आपल्याला कुठला संगणक लागतो ते ठरवा.

पावडर डिफ्रॅक्शनचं रिटव्हेल्ड रिफाइनमेंट (पावडरच्या आलेखावरून स्फटिकाची रचना ठरवणं) असेल तर फुलप्रॉफ किंवा जीएसएएस-२ घ्या, लहान कोनातलं स्कॅटरिंग असेल तर सॅसव्ह्यू. तिन्ही फुकट मिळतात आणि प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावर चालतात. इथे कुणाची सही लागत नाही. क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा) लागतो तो मोजलेला फोनॉन स्पेक्ट्रम, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची कंपनं, क्वांटम एस्प्रेसोसारख्या प्रोग्रॅमने काढलेल्या गणिताशी ताडायचा असेल तेव्हा, हजारो अणूंच्या हालचालींचं गणित (मॉलिक्युलर डायनॅमिक्स) चालवायचं असेल तेव्हा, किंवा मॅकस्टास या प्रोग्रॅममध्ये अख्ख्या न्यूट्रॉन उपकरणाचं अनुकरण करायचं असेल तेव्हा. तिसरी सोय परदेशी केंद्रांची. इंग्लंडचं आयसिस आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं आयएलएल ही न्यूट्रॉन केंद्रं स्वतःच्या वापरकर्त्यांना ब्राउझरमध्ये उघडणारा डेस्कटॉप देतात, तिथे डेटाही असतो आणि सॉफ्टवेअरही. बीमटाइम (न्यूट्रॉनच्या झोतावर मोजायला मिळणारा वेळ) मंजूर झाला की ही सोय सोबतच येते. म्हणजे त्या वाटेने जायचं तर अर्ज संगणकाचा नव्हे, बीमचा करायचा.

आधी बीमचं पाहू.

आपल्याकडचा मुख्य न्यूट्रॉन स्रोत म्हणजे मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी. ती १९८५ साली कार्यान्वित झाली, क्षमता १०० मेगावॅट. विद्यापीठांतल्या लोकांना तिथे जायची वाट यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन संस्थेमधून आहे. त्याचं मुख्यालय इंदूरला, पण न्यूट्रॉनचं काम मुंबई केंद्राकडे, आणि ध्रुववर कन्सॉर्शियमचा स्वतःचा पावडर डिफ्रॅक्टोमीटर आहे. अर्जदार म्हणजे प्रमुख संशोधक हा विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नियमित नोकरीत असलेला शिक्षक हवा. नागपूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकांना वाटतं की हे फक्त अमरावती रोडच्या कॅम्पसवाल्यांसाठी किंवा व्हीएनआयटीसाठी आहे. तसं नाही. पीएचडीचा विद्यार्थी सहभागी म्हणून येतो, एमएस्सीचा विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही.

प्रस्ताव लहानच लिहायचा. प्रश्न काय, न्यूट्रॉनच का, एक्स-रे का पुरत नाही, नमुना किती, कोणत्या तापमानाला मोजायचं. सोबत स्वतःच्या एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख जोडा. नमुना शुद्ध आहे हे त्या एका चित्रात दिसतं, पानभर लिहून पटत नाही. नमुना ग्रॅममध्ये लागतो. आपण क्रुसिबलमध्ये (भट्टीत ठेवायच्या मुशीत) अर्धा ग्रॅम करून खूश असतो. न्यूट्रॉन पदार्थाशी फार कमी भांडतो, त्यामुळे पाच-सहा ग्रॅम तरी तयार ठेवा.

आता खास नागपूरकरांसाठी. आपल्याकडे फॉस्फरवर (प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर) पिढ्यान्‌पिढ्या काम चालत आलंय, आणि नेमकं तिथेच अर्ज अडकतात. गॅडोलिनियमचा न्यूट्रॉन शोषण्याचा काटछेद, म्हणजे शोषण किती होतं त्याचं माप, सुमारे ४९,७०० बार्न (त्याचं एकक) आहे, युरोपियमचा साडेचार हजारांच्या आसपास, साध्या बोरॉनचा ७६७. तुलनेला, नमुन्याचा डबा ज्या व्हॅनेडियमचा करतात त्याचा जेमतेम पाच. होस्ट (फॉस्फरचा मूळ पदार्थ) गॅडोलिनियमचा असेल आणि त्याची पावडर डब्यात भरली तर आत गेलेले न्यूट्रॉन बाहेर येतच नाहीत. एक-दोन टक्केच युरोपियम मिसळलेलं (डोप केलेलं) असेल तर जमवता येतं. बोरेट होस्ट असेल तर बोरॉन-११ समस्थानिकाचं बोरिक ॲसिड वापरून नमुना नव्याने करावा लागतो, कारण सगळं शोषण बोरॉन-१० करतो. हे महाग पडतं, म्हणून प्रस्तावातच लिहा की तुम्हाला हे ठाऊक आहे आणि तुम्ही काय करणार आहात. तपासणारा सगळ्यात आधी रासायनिक सूत्रच बघतो. नमुन्यात हायड्रोजन भरपूर असेल तर पार्श्वभूमी चढते. तिथे हायड्रोजनऐवजी त्याचं जड समस्थानिक ड्युटेरियम घालायचा विचार करा.

मंजुरी आली की केंद्रात शिरायचा परवाना काढायचा. ओळखपत्र, संस्थेचं पत्र, येणाऱ्यांची नावं, हे सगळं बरंच आधी कळवायचं. मोबाइल बाहेर राहतो, आणि लॅपटॉप-पेनड्राइव्हचं काय ते आधी विचारून घ्या. गाडी विदर्भ एक्सप्रेस. दादरला उतरून कुर्ल्याहून हार्बरने मानखुर्द.

आता संगणकवेळ. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ साली मंजूर झालं आणि त्यातली यंत्रं सी-डॅकने देशभर बसवली. आपल्या राज्यातली एक म्हणजे पुण्याच्या आयसरमधली परम ब्रह्म. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र सुरू झाली. ते केंद्रच मुळात विद्यापीठांसाठी आहे, म्हणून महाविद्यालयवाल्यांनी तिथे आधी चौकशी करावी असं माझं मत. दर, मुदत आणि बाहेरच्यांना दिलेला वाटा प्रत्येक यंत्रावर वेगळा, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी त्या त्या केंद्राचे नियम वाचा.

कागद थोडेच लागतात. मार्गदर्शकाच्या नावाचा अर्ज, विभागप्रमुखांची सही-शिक्का, विद्यार्थ्याचं बोनाफाइड आणि ओळखपत्र, कामाचा गोषवारा, सॉफ्टवेअरची यादी. सॉफ्टवेअरमध्ये वास्प मागितलंत तर तुमच्या गटाचा परवाना दाखवावा लागतो, क्वांटम एस्प्रेसो आणि (मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या) लॅम्प्सला विकतचा परवाना लागत नाही. काही ठिकाणी संस्थेचा स्थिर आयपी पत्ताही मागतात, तो महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडून घ्या. माझा पहिला अर्ज एका केंद्राने परत पाठवला होता, कारण मी जीमेलचा पत्ता दिला होता. संस्थेचा ईमेल मिळवायला आमच्याच कार्यालयात सतरा दिवस लागले. अर्ज मंजूर व्हायला त्याहून कमी.

खरी कसोटी कोअर-तासांच्या (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) रकान्याची. तिथे लोक "एक लाख" असा छान गोल आकडा लिहितात आणि नाकारले जातात. हिशोब असा करा. समजा तुमच्या स्फटिकाच्या फोनॉन गणितात अणू सरकवून ४० वेगवेगळ्या रचना मोजायच्या आहेत. त्यातली एकच रचना चाचणी म्हणून चालवा: २४ कोअरवर साडेपाच तास, ४८ वर तीन, ९६ वर अडीच. ९६ कोअर घेऊन अर्धाच तास वाचला, पण खर्च १४४ कोअर-तासांवरून २४० वर गेला. म्हणजे ४८ योग्य, बऱ्याच परम यंत्रांवर एका नोडमध्ये (क्लस्टरमधल्या एका संगणकात) तेवढेच कोअर असतात. आता ४० गुणिले ४८ गुणिले ३, झाले ५,७६०. फसलेल्या जॉबसाठी चौथा हिस्सा वाढवून ७,२०० मागा. चाचणीचा तक्ता अर्जाला जोडा. हा तक्ता असलेला अर्ज परत आलेला मी अजून पाहिला नाही.

अकाउंट मिळालं की पासवर्ड गटात वाटू नका, प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं उपखातं मागा. लॉगिन नोडवर (आपण जिथे शिरतो त्या सामाईक संगणकावर) गणित चालवू नका. काम स्लर्म या रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे टाकायचं. एकदा रांगेत गेलं की मे महिन्यात नागपुरात लाईट गेली तरी पुण्यात जॉब चालूच राहतो. फाइल उतरवताना मात्र लाईट गेली तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणून फाइली उतरवायला आरसिंक हा प्रोग्रॅम वापरा. स्क्रॅचवरच्या (तात्पुरत्या साठ्यातल्या) जुन्या फाइली मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातात आणि त्यांचा बॅकअप नसतो.

एमएस्सीच्या मुलांना शिकवायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. आयसिसचा प्रायोगिक डेटा साधारण तीन वर्षांनी सगळ्यांसाठी खुला होतो. तो उतरवून मँटिड या न्यूट्रॉन डेटाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. मँटिडही फुकट आहे. पॅन-लर्निंग (पूर्वीचं ई-न्यूट्रॉन्स) या संकेतस्थळावर मोफत पाठ आहेत, त्यात मॅकस्टासचं उपकरण ब्राउझरमध्येच चालवून बघता येतं. पीएचडीवाल्यांनी आयसिसचे प्रस्ताव मागवण्याचे दोन हंगाम कॅलेंडरवर लिहून ठेवावेत, एप्रिल आणि ऑक्टोबर.

पेपर छापला की आभारात केंद्राने दिलेलं वाक्य जसंच्या तसं टाका आणि एक प्रत त्यांना पाठवा. नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये त्याच पेपरचा क्रमांक विचारतात.