पाळकबाई

पाळकबाई : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीच्या (एका चर्चच्या सभासदांच्या) पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, पत्नी, विशेषतः खेड्यातल्या मंडळीतली. ‘पाळक’ हा शब्द मराठी बायबलमधला. त्यामागे मेंढपाळाची कल्पना आहे. लिहिताना ‘पाळकपत्नी’ म्हणतात, पण त्या नावाने कुणी हाक मारत नाही. मंडळीतले लोक ‘पाळकबाई’ किंवा नुसते ‘बाई’ म्हणतात, हल्लीच्या मुली ‘मॅडम’. रोमन कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाहीत, त्यामुळे तिकडे ही बाईच नसते. या जागेची नेमणूक निघत नाही आणि पगारही ठरत नाही. तरी पाळक बदलून येणार म्हटले की मंडळीचा पहिला प्रश्न ‘साहेब कसे आहेत’ असतो आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘बाई कशा आहेत’.

महाराष्ट्रात ही भूमिका मिशनरींच्या बायकांपासून सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्यांचे ठाणे झाले. पुण्यात स्कॉटिश मिशनचे काम होते. परक्या पुरुषाने मराठी घरात माजघरापर्यंत जाणे त्या काळात शक्यच नव्हते; मडमेला मात्र जाता येई. मुलींना अक्षरओळख, शिवणकाम, बाळंतिणीची विचारपूस ही कामे त्यामुळे तिच्याकडे आली. सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात पुण्याच्या ज्या मिसेस मिशेल यांचे नाव घेतले जाते, त्या एका पाद्र्याच्याच पत्नी होत. पुढे मराठी पाळकांना दीक्षा (धर्मगुरुपदाचा अधिकार) मिळू लागली तेव्हा मडमेची ही सगळी कामे मराठी पाळकाच्या बायकोकडे आली. बंगला आणि नोकरचाकर मात्र तिच्या वाट्याला आले नाहीत.

पुणे शहरात एक वेगळी तऱ्हाही दिसते. गुरुवार पेठेतले पंचहौदचे पवित्र नाम देवालय (1885) ज्या मिशनने बांधले, त्याचे काऊली फादर्स (अँग्लिकन धर्मगुरूंचा एक संघ) ब्रह्मचारी होते. तिथे मुलींच्या शाळा आणि दवाखान्याची बाजू इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्सनी सांभाळली; त्या 1877 मध्ये पुण्यात आल्या. म्हणजे शहरात एका संपूर्ण संन्यासिनी-संघाने जे केले, त्याच्यासारखेच काम शिरूर-दौंडकडच्या खेड्यात एकटी बाई चुलीवर आधण ठेवून करत होती. तुलना थोडी ओढूनताणून आहे खरी, पण कामाची यादी करायला बसले की तीच आठवते.

या यादीतली मोठी बाब चहा ही आहे. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याचे गुण दिले आहेत. त्यात ‘एका स्त्रीचा पती’ आहे आणि ‘अतिथिप्रिय’ही आहे. अतिथिप्रिय असायचे पाळकाने आणि दूध संपले तर शेजारी वाटी पाठवायची बाईने, अशी त्याची मराठी अंमलबजावणी झाली. पाळकनिवास चर्चच्या आवारातच, त्यामुळे रविवारची उपासना सुटली की अर्धी मंडळी चपला न घालताच ओसरीवर येते. लग्न ठरवायला आलेले लोक, मुलाच्या दाखल्यावर सही हवी असलेला बाप, नवऱ्याने मारले म्हणून रात्री आलेली बाई यांनाही तोच दरवाजा. ही शेवटची बाई साहेबांशी बोलत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन बसते, आणि पाळकबाई तिला काही न विचारता भाकरीचे पीठ मळायला घेते; बोलणे त्यानंतर सुरू होते.

याशिवाय शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल-शाळा), महिला मंडळाची बुधवार-शुक्रवारची प्रार्थना, नाताळात मुलांचे नाटक, गाण्याला पेटी. सुगीच्या उपकारस्तुतीला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. शंभराचा भोपळा पाचशेला जातो, सगळे हसतात, पैसा मंडळीच्या खात्यात पडतो. बाईने या लिलावात बोली लावली तर ‘एवढे पैसे आले कुठून’ आणि नाही लावली तर ‘हात आखडता’, असे दोन्हीकडून ऐकावे लागते. साडी भारी नको, फार साधीही नको. मुलाला कमी मार्क पडले तर तीही मंडळीची बाब.

बऱ्याच पाळकबाया मिशन शाळेत शिक्षिका किंवा दवाखान्यात परिचारिका होत्या, आणि पाळकाच्या तुटपुंज्या मानधनात घर त्यांच्या पगारावर चाले. मात्र दर काही वर्षांनी बदली होई ती नवऱ्याची. तेव्हा बाईची नोकरी सुटे किंवा ती मुलांना घेऊन मागे राही.

या वर्गातली सर्वांत माहीत असलेली स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (1868–1936). नवरा नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन झाला. 1904 मध्ये टिळकांना दीक्षा मिळाली. सोवळ्यात वाढलेल्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या या बाईंनी घरात पोरकी मुले वाढवली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचे महाकाव्य पुरे केले. आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हे घर आतून दाखवले: पैसे वाटून रिकाम्या हाताने परतणारा नवरा, आणि पाहुण्यांसमोर रिकामे डबे. त्यांच्यासारखे लिहून ठेवणाऱ्या पाळकबाया मोजक्याच. बाकीच्यांचा वृत्तांत मंडळीच्या आठवणीत असतो, आणि ती आठवण दोन पिढ्यांपलीकडे जात नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाली आणि पुढे तिने स्त्रियांनाही दीक्षा देण्याचा मार्ग खुला केला. त्यामुळे आता काही ठिकाणी बाई स्वतःच पाळक असते. तिच्या नवऱ्याला काय म्हणायचे यासाठी मराठीत शब्द नाही, आणि त्याच्याकडून ओसरीवरच्या चहाची अपेक्षाही कुणी धरत नाही.

पाळकबाईचे घर तिचे नसते, हे सर्वांत उघडपणे दिसते ते नवरा निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर. पाळकनिवास रिकामा करून द्यावा लागतो, कारण पुढचे कुटुंब यायचे असते. दाराशी लावलेला कढीपत्ता तिथेच राहतो. ज्यांना जमले त्यांनी वडगाव शेरी, खराडी किंवा पिंपरीकडे दोन खोल्या घेतल्या. बाकीच्या मुलांकडे गेल्या.

ती स्वतः आधी गेली तर प्रसंग अधिक अवघड होतो. गावात शेकडो अंत्यविधी चालवलेला पाळक त्या दिवशी पहिल्या बाकावर बसतो आणि विधी शेजारच्या मंडळीचा पाळक चालवतो. मंडळीतल्या बाया तिला अंघोळ घालतात, पांढरे किंवा तिच्या आवडीचे पातळ नेसवतात. शवपेटी गावात होत नसली तर टेंपोने तालुक्याहून येते. पेटी-तबल्यावर भजने म्हटली जातात, त्यांत टिळकांची असतातच. दफनभूमीत ‘मातीला माती’ हे शब्द होताच एकेक जण मूठभर माती टाकतो. मराठीत ‘मूठमाती देणे’ आपण बोलण्यात सहज वापरतो, इथे ते खरोखर हाताने करायचे असते. ख्रिस्ती नसलेल्या बायाही रांगेत असतात. त्यांना गीते येत नाहीत, पण बाळंतपणात रात्रभर कोण बसले होते हे माहीत असते. त्या दिवशी चहा कुणी करायचा, यावरून स्वयंपाकघरात थोडा गोंधळ होतो. साखरेचा डबा कुठे आहे हे नवऱ्यालाही ठाऊक नसते.

दगडावर काय कोरायचे याचा जवळपास ठरीव रिवाज आहे. पाळकाच्या कबरीवर पौलाचे ‘सुयुद्ध’ केल्याचे वचन येते. बायकोच्या कबरीवर बायबलच्या नीतिसूत्रांतली सद्गुणी स्त्री आणि खाली ‘रेव्हरंड अमुक यांची पत्नी’. तिच्या माहेरचे नाव क्वचितच असते. चर्चच्या दफन नोंदवहीत मृताचे नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण, दफनाची तारीख आणि विधी चालवणाऱ्याची सही असे रकाने असतात. तिच्या ओळीत व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असते, किंवा एक आडवी रेघ.